जानकीपुरममधला सरोजिनी नगरचा खांब

“मैडम, आपने पता तो भेज दिया, मकान नहीं भेजा!”

कानपूरच्या एका ठेकेदाराचा हा फोन मी अजून विसरलेले नाही. आदल्या दिवशी मी त्याला फ्लॉपीवर एका बंगल्याचा नकाशा दिला होता. आमच्या ऑफिसात उघडून दाखवला होता, वर चहाही पाजला होता. त्याने कानपूरला नेऊन फ्लॉपी घातली, तर पडद्यावर बंगलाच नाही. कोपऱ्यात मालकाचं नाव होतं, उत्तर दिशेचा बाण होता आणि बंगला असायला हवा तिथे इंग्रजीत एकच ओळ होती: अमुक ड्राइव्ह, अमुक फोल्डर, अमुक फाइल. माणूस चिडलेला होता, पण बोलत होता ते खरं होतं. मी त्याला पत्ताच पाठवला होता.

आमच्या इथल्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी संपादक मागे लागले, “मेश्राम बाई, तुमच्या त्या कॅडच्या, कंप्यूटरवर नकाशे काढायच्या नोकरीबद्दल लिहा, पण लोकांना कळेल असं लिहा.” मी म्हटलं, मला स्वतःला जेवढं कळलं तेवढं लिहीन. ते फार नाही. इतकी वर्षं काम केलं, पगार घेतला, लोक ‘एक्सपर्ट’ म्हणायचे, पण त्या यंत्रासमोर बसून माझा निम्मा वेळ ‘असं कसं झालं?’ यातच गेला.

मी मूळची नागपूरची. तिथे ड्राफ्ट्समनचा डिप्लोमा केला, लग्न झालं, आमचे मेश्राम टेलिफोन खात्यात, त्यांची बदली लखनौला. अलीगंजात भाड्याचं घर घेतलं आणि काही दिवसांनी मी कैसरबागजवळ सक्सेना साहेबांच्या आर्किटेक्ट ऑफिसात लागले. नव्वदच्या दशकातल्या गोष्टी आहेत या. ऑफिसात तेव्हा ड्रॉइंग बोर्ड भिंतीला टेकवून ठेवले जात होते आणि त्यांच्या जागी एकेक कंप्यूटर येऊन बसत होता, नव्या सुनेसारखा, सगळ्यांच्या नजरेखाली.

आता थोडं कामाबद्दल. आमच्याकडे एका इमारतीचा एक नकाशा कधीच नसतो. पायाचा वेगळा, भिंतींचा वेगळा, नळाचा वेगळा, विजेचा वेगळा. पण खांब सगळ्यांत तेच. पूर्वी खांबांचा एक मूळ कागद काढायचा, त्यावर पारदर्शक ट्रेसिंग पेपर ठेवायचा आणि बाकीचं त्यावर काढायचं. कंप्यूटरवरही तसंच केलं. खांबांची एक फाइल, आणि बाकीच्या फाइली तिला फक्त जोडलेल्या. जोडलेल्या म्हणजे चिकटवलेल्या नव्हेत. विजेच्या नकाशात खांब दिसतात, पण ते तिथे नसतात. तिथे फक्त एक सूचना असते: ‘अमक्या जागी अमकी फाइल आहे, ती आणून इथे दाखव.’ फाइल सापडली की खांब दिसतात. नाही सापडली की कानपूरच्या ठेकेदाराला दिसली ती ओळ दिसते.

या जोडणीचा फायदा असा की मूळ फाइलमध्ये एक खांब हलवला की सगळ्या नकाशांत आपोआप हलतो. आणि तोटाही हाच. गुप्ता नावाचे दोन भाऊ होते. एकाच प्लॉटवर मधली भिंत सामाईक ठेवून दोघे दोन घरं बांधणार होते. मी शहाणपणा करून सामाईक भिंतीची एक फाइल केली आणि दोघांचे नकाशे तिला जोडले. मोठे गुप्ताजी सकाळी यायचे आणि म्हणायचे, “मैडम, दीवार ज़रा उधर.” धाकटे दुपारी यायचे, आपला नकाशा उघडायला लावायचे आणि खोली लहान झालेली बघून कपाळाला हात लावायचे. मग तेही म्हणायचे, “दीवार ज़रा उधर.” दुसऱ्या दिवशी सकाळी मोठे गुप्ताजी आपली खोली बघून थक्क. दोघांनाही वाटायचं की मशीनमध्ये गडबड आहे. शेवटी मी दोघांना एकाच वेळी बोलावलं आणि एकाच पडद्यासमोर बसवलं. दोघं एकमेकांकडे बघेनात. पण भिंत मात्र त्या दिवशी जागेवर राहिली.

अशा फाइलींचा अख्खा प्रोजेक्ट दुसरीकडे पाठवायचा म्हणजे काय त्रास, ते आज पेन ड्राइव्ह खिशात टाकणाऱ्यांना सांगून पटायचं नाही. नवरदेव गाडीत बसला म्हणजे वऱ्हाड निघालं, असं होत नाही ना? तसंच ते. मुख्य नकाशा घ्या, त्याला जोडलेली खांबांची फाइल घ्या, तिला जोडलेली आणखी एखादी असेल ती घ्या, अक्षरांचे फॉन्ट घ्या, नाहीतर तिकडे सगळीकडे प्रश्नचिन्हं उगवतात. एका फ्लॉपीत मावत नाही म्हणून तुकडे करा. आणि शेवटून दुसरी फ्लॉपी खराब निघणार हे गृहीत धरून सगळं दोनदा करा. कानपूरचा तो फोन आल्यापासून मी या बाबतीत फार काटेकोर झाले होते. माझ्या हातून वऱ्हाडातलं एकही माणूस मागे राहत नसे, याचा मला अभिमान होता. जानकीपुरमच्या हॉस्टेलच्या वेळी तोच अभिमान आड आला, कारण मी सगळं बरोबर दिलेलं असूनही सगळं चुकलं.

आमचे हेड ड्राफ्ट्समन होते रिज़वी साहेब. लखनौच्या ‘चौक’ नावाच्या जुन्या मोहल्ल्यात राहायचे, साठीला टेकलेले, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. बोर्डावर उभं आयुष्य काढलेला माणूस, पण कंप्यूटर आल्यावर कुरकुर न करता शिकला. मला ‘बेटा’ म्हणायचे आणि तरीही ‘आप’ म्हणायचे. ऑफिसची शिस्त त्यांनी आपल्या टेबलावरून उचलून जशीच्या तशी कंप्यूटरमध्ये घातली होती. त्यांचा नियम होता की टेबलावर फक्त चालू काम राहील, संपलेलं काम कपाटात जाईल. म्हणून प्रत्येक मशीनच्या डी ड्राइव्हमध्ये ‘चालू’ नावाचा एक फोल्डर. जे काम हातात असेल ते त्यात. आणि खांबांच्या मूळ फाइलचं नाव दर वेळी ‘बेस’. काम संपलं की सगळं ‘अलमारी’ नावाच्या फोल्डरमध्ये हलवायचं आणि ‘चालू’ रिकामा करून पुढचं काम सुरू करायचं. फार सुटसुटीत पद्धत होती. आम्हाला कोणाला तिच्यात काही खोट दिसली नाही, आणि एका खोलीत काम करेपर्यंत खोट नव्हतीच.

जानकीपुरम तेव्हा वसत होतं. शेतं, विटांचे ढीग, मध्येच एखादं नवं घर. तिथे एका ट्रस्टचं मुलींचं हॉस्टेल आमच्याकडे आलं. सक्सेना साहेबांना नव्या गोष्टींची भारी हौस. ते म्हणाले, “साइट पर भी कंप्यूटर होगा. काग़ज़ का ज़माना गया.” मग ऑफिसातलं एक जुनं मशीन रजईत गुंडाळून टेम्पोने जानकीपुरमला गेलं, सोबत एक खडखड करणारा प्रिंटर. तो पट्ट्या पट्ट्या छापायचा आणि त्या टेपने जोडायच्या. साइट इंजिनिअर होते चौहानजी, सरळ माणूस. मी हॉस्टेलच्या पायाचा नकाशा, बेस, फॉन्ट, सगळं फ्लॉप्यांमध्ये भरून त्यांना दिलं. त्यांनी ते त्या मशीनवर ‘हॉस्टेल’ नावाचा नवा फोल्डर करून उतरवलं, छापलं, आणि मजूर लावून खड्डे खणायला घेतले.

आठवड्याभराने सक्सेना साहेब साइटवर गेले आणि तोंड पाडून परत आले. खड्डे भलतीकडे होते. एक खड्डा तर कुंपणाला जाऊन भिडला होता. चौहानजींना विचारलं तर ते म्हणाले, “सर, अजीब तो मुझे भी लगा था. सोचा, आर्किटेक्ट साहब ने कुछ सोचा होगा.”

चौहानजी आपले जोडलेले कागद घेऊन ऑफिसात आले होते. रिज़वी साहेबांनी ऑफिसातल्या मशीनवरून त्याच मापाचा नकाशा काढला आणि दोन्ही कागद खालून दिवा असलेल्या काचेच्या टेबलावर एकावर एक ठेवले. नाव तेच, टिपा त्याच, उत्तर दिशेचा बाण तोच. खांब मात्र एकही जुळत नव्हता. आम्ही चौघं त्या टेबलाभोवती उभे होतो.

“फ़ाइल तो एक ही है,” सक्सेना साहेब म्हणाले. “फिर बेस किसने बदला?”

बेस रिज़वी साहेबांचा. त्यांच्या नजरेखाली असल्याशिवाय त्याला दुसरं कोणी हात लावत नसे. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि बराच वेळ काचेवर वाकून राहिले. मग सरळ होऊन म्हणाले, “मुमकिन है, मुझी से हुआ हो. पहले कुछ और बनाया हो, बाद में ठीक किया हो और याद न रहा हो. आँख का भी अब भरोसा नहीं.”

सक्सेना साहेब ओरडले असते तर बरं झालं असतं. पण लखनौत माणसाला काढायचं तरी अदबीने काढतात. ते इतकंच म्हणाले, “रिज़वी साहब, आप कुछ दिन आराम फ़रमाइए.” त्याचा अर्थ आम्हा सर्वांना कळला. रिज़वी साहेबांनी आपली स्केलपट्टी रुमालात गुंडाळली, ड्रॉवरमधली फीत, म्हणजे मोजायचा टेप, पिशवीत टाकला आणि गेले. मला भयंकर वाईट वाटलं. नोकरी जाणार याचं तर होतंच, पण ज्या माणसाने आयुष्यात कधी रेघ दोनदा ओढली नाही तो ‘माझ्याकडूनच झालं असेल’ असं म्हणत जिना उतरला, ते मला बघवेना. आणि तरी, खरं सांगायचं तर, कारण काय ते माझ्याकडेही नव्हतं. त्यांच्या बाजूने बोलायला तोंड उघडावं तर काय बोलणार?

मी माझ्याकडच्या फ्लॉप्या काढल्या, त्याच ज्या चौहानजींना दिल्या होत्या. ऑफिसच्या मशीनवर उघडल्या. हॉस्टेल बरोबर. एकूण एक खांब जागच्या जागी. त्याच फ्लॉप्या पर्समध्ये टाकून टेम्पोने, म्हणजे तिकडच्या शेअर रिक्षाने, जानकीपुरमला गेले, तिथल्या मशीनवर उघडल्या. चूक! डोळ्यांदेखत चूक. परत आले, ऑफिसात उघडल्या. बरोबर. मला वाटलं, रस्त्यात काही होतं की काय? आयटी कॉलेजच्या चौकात टेम्पो बदलताना फ्लॉपीतले खांब बदलतात, असंही मनात येऊन गेलं. हसू नका. त्या अवस्थेत माणूस काहीही मानायला तयार होतो. चौहानजींनी तर मशीनवर लिंबू-मिरची बांधायची तयारी दाखवली होती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. साइटवरच्या ‘हॉस्टेल’ फोल्डरमधला बेस पुसून टाकला, फ्लॉपीवरून नवा घातला. नकाशा उघडला, तरी ते भलतेच खांब. मग बेस पुसून तसाच ठेवला, नवा घातलाच नाही. आता खांब दिसायलाच नकोत, पत्त्याची ओळ दिसायला हवी. तरी खांब दिसले! बेस नसताना बेस दिसतोय. मी मशीन बंद केलं आणि घरी निघून आले.

घरी मी भाजी चिरता चिरता यांना सगळं सांगितलं. आमचा सुजित तेव्हा शाळेत, तो मध्येच म्हणाला, “मम्मी, भूत होगा.” आमचे मेश्राम टेलिफोनचा माणूस, त्यांना प्रत्येक गोष्टीत टेलिफोनच दिसतो. म्हणाले, “काहून डोकं खाजवून राहिली? राँग नंबर लागून राहिला असन. नंबर तोच, पण एसटीडी कोड नाही लावला, तर गावातल्याच कोणाच्या तरी घरी घंटी वाजते ना. तसं तिकडे भलतंच कोणी फोन उचलून राहिलं असन.”

“तुमचं काहीतरीच!” मी म्हटलं. “फाइल आहे ती, फोन नाही.” आणि विषय तिथेच सोडला. बायकोने नवऱ्याचं ऐकलं असतं तर एक चक्कर वाचली असती.

तिसऱ्यांदा साइटवर गेले ती कशासाठी, ते मला माहीत नव्हतं. काहीच न सुचल्यामुळे गेले. चौहानजी बाहेर मजुरांशी बोलत होते. मी तो भलता नकाशा पडद्यावर उघडला आणि पहिल्यांदाच, ‘चूक’ म्हणून न बघता, ‘हे आहे तरी काय’ म्हणून बघायला लागले. एका टोकाला जिना. जिन्याच्या पुढे पोर्च. आणि पोर्चच्या कोपऱ्यात एक गोल खांब. आमच्या हॉस्टेलमध्ये गोल खांब नव्हताच, सगळे चौकोनी. हा गोल खांब मी कुठेतरी पाहिला होता. पाहिला काय, मी काढला होता! सरोजिनी नगरच्या शाळेचा. त्या शाळेच्या मॅनेजरांनी हट्ट धरला होता की पोर्चला एक तरी गोल खांब पाहिजे, शान दिसते. मी तेव्हा कंप्यूटरवर नवी होते. वर्तुळाचा मध्य दोन रेषांच्या छेदावर कसा धरायचा ते रिज़वी साहेबांनी शेजारी उभं राहून शिकवलं होतं, आणि तो माझा कंप्यूटरवरचा पहिला खांब होता.

पण सरोजिनी नगर शहराच्या त्या टोकाला, विमानतळाकडे, आणि हे जानकीपुरम या टोकाला. तो खांब इथे आला कसा? मी खुर्चीत मागे रेलले आणि माझी नजर मॉनिटरच्या कडेला गेली. तिथे एक लाल टिकली चिकटवलेली होती. माझी. उन्हाळ्यात घामाने टिकली सुटायला लागली की मी ती काढून मॉनिटरला लावायची, घरी जाताना परत कपाळाला. म्हणजे हे माझंच जुनं मशीन होतं. मी दोन दिवस त्याच्यासमोर बसून होते आणि मी ओळखलं नव्हतं.

मग हळूहळू डोक्यात उजेड पडायला लागला. डी ड्राइव्ह उघडला. ‘चालू’ फोल्डर होता. त्यात सरोजिनी नगरची शाळा अख्खीच्या अख्खी बसलेली होती. ऑफिसात नवीन मशिनं आली तेव्हा आम्ही सगळं काम त्यांच्यावर कॉपी केलं आणि ‘हलवलं’ असं म्हणत राहिलो. पण कॉपी म्हणजे हलवणं नव्हे. ट्रंक हलवली की जागा रिकामी होते, कॉपी केली की जुनं तिथेच राहतं. नव्या मशीनवर शाळा संपली, कपाटात गेली, तिच्या जागी हॉस्टेल चालू झालं. या मशीनला ते कोणी सांगितलंच नव्हतं. त्याच्या लेखी शाळाच चालू होती.

आणि हॉस्टेलच्या नकाशात सूचना काय होती? ‘डी ड्राइव्ह, चालू, बेस.’ ऑफिसात तो पत्ता शोधला की हॉस्टेलचे खांब मिळायचे. इथे तोच पत्ता शोधला की शाळेचे मिळायचे. पत्त्यावर कोणीच नसतं, तर यंत्राने नकाशाच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये शोधलं असतं; पण पत्त्यावर कोणीतरी भेटल्यावर तिथे बसलेल्या खऱ्या बेसकडे ते ढुंकूनही बघत नव्हतं. मेश्रामांचा राँग नंबर! कोणीतरी खरंच फोन उचलत होतं.

मी ‘चालू’चं नाव बदललं, खरा बेस पुन्हा ‘हॉस्टेल’मध्ये घातला आणि नकाशा उघडला. हॉस्टेल उभं राहिलं, सगळे खांब चौकोनी, सगळे जागेवर. मी इतक्या मोठ्याने ओरडले की चौहानजी पळत आत आले. त्यांना वाटलं विजेचा झटका बसला.

सक्सेना साहेबांना फोन केला. त्यांना पूर्ण समजलं असं मला वाटत नाही, पण ‘रिज़वी साहेबांचा बेस बरोबर होता’ एवढं मी त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं. ते म्हणाले, “उन्हें ले आइए. मैं खुद माफ़ी माँग लूँगा.”

मी चौकात रिज़वी साहेबांच्या घरी गेले. दार त्यांच्या सुनेने उघडलं. मला वाटलं होतं, पांघरूण घेऊन पडले असतील. ती म्हणाली, “अब्बू घर पर कहाँ रहते हैं, बाजी. सुबह फ़ीता लेकर निकल जाते हैं, शाम को आते हैं. परसों निशातगंज गए थे, कल अलीगंज. आज कह रहे थे, एयरपोर्ट की तरफ़ वाले स्कूल जाना है.”

“कशाला?” माझ्या तोंडून मराठीच निघालं. तिला ते कळलं असावं. ती म्हणाली, “पता नहीं. पूछो तो कहते हैं, देखना है.”

मी तडक सरोजिनी नगर गाठलं. शाळा सुटलेली होती. उन्हं कललेली. पोर्चमध्ये रिज़वी साहेब उकिडवे बसले होते. टेपचं एक टोक शाळेच्या चौकीदाराच्या हातात, दुसरं त्यांच्या हातात, आणि ते त्या गोल खांबापासून पुढच्या खांबाचं अंतर मोजत होते. चष्मा कपाळावर, ऑपरेशन झालेला डोळा बारीक केलेला.

मला बघून ते दचकले. मग पकडलं गेल्यासारखं हसले.

“हे काय करताय, रिज़वी साहब?” मी आधी मराठीत, मग हिंदीत विचारलं. “ये क्या कर रहे हैं आप?”

“बेटा, रात को ख़याल आया कि एक जगह ग़लती हुई है तो और जगह भी हुई होगी. लोग रहते हैं उन मकानों में. बच्चे पढ़ते हैं. तो सोचा, एक-एक करके नाप लूँ, जो जो याद है.” मग म्हणाले, “अब तक तो सब ठीक निकला. निशातगंज में एक सीढ़ी ज़रा ऊँची है, मगर वो मिस्त्री की है, मेरी नहीं.”

मला एकदम रडू आलं. दिवसभराचं धावणं, ते फ्लॉपीचं भूत, आणि हा म्हातारा माणूस लोकांच्या दारांत जाऊन आपल्या आयुष्याची मापं पुन्हा घेत होता. त्या चौकीदाराला काय वाटलं असेल कोण जाणे. मी पायरीवर बसले आणि त्यांना सगळं सांगितलं. चालू, बेस, जुनं मशीन, टिकली, राँग नंबर. त्यांना पहिल्यांदा कळलं नाही. मी जमिनीवर विटेच्या तुकड्याने दोन चौकोन काढले, एक ऑफिस, एक साइट, दोन्हींत ‘चालू’ लिहिलं.

“तो बेस सही था?”

“सही था.”

“मेरा वाला?”

“आपका वाला. बिलकुल सही.”

त्यांनी टेप गुंडाळायला घेतला आणि मध्येच थांबले. “और वहाँ जो खोदा गया, वो क्या था?”

“ही शाळा,” मी म्हटलं. “ये स्कूल. यही खंभे.”

त्यांनी गोल खांबाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “ये भी?”

“ये भी.”

“चलिए,” ते उठत म्हणाले, “देखकर आते हैं.”

शहर या टोकापासून त्या टोकापर्यंत ओलांडून आम्ही जानकीपुरमला पोचलो तेव्हा थोडा उजेड होता. चौहानजींनी टेपचं टोक धरलं. रिज़वी साहेबांनी गोल खांबाच्या खड्ड्यापासून पुढच्या खड्ड्याचं अंतर मोजलं, मग आडवं मोजलं, मग तिरकं. दुपारीच शाळेत घेतलेली मापं त्यांच्या डोक्यात ताजी होती. शेवटी ते सरळ उभे राहिले आणि म्हणाले, “गड्ढा बिलकुल सही है. बस इमारत दूसरी है.” आणि असे हसले, असे हसले, की चष्मा काढून दोन्ही डोळे पुसावे लागले.

दुसऱ्या दिवसापासून ते कामावर आले. सक्सेना साहेबांनी उठून त्यांना खुर्ची दिली. खड्डे बुजवले, नवे खणले. पुढे प्रत्येक कामाच्या बेसला त्या कामाचं नाव द्यायचं ठरलं. ‘चालू’ बंद झालं. रिज़वी साहेबांना ते थोडं लागलं, मला जाणवलं. निवृत्त होईपर्यंत कोणताही नकाशा बाहेर जाताना ते मला हळूच विचारायचे, “बेटा, वहाँ यही खुलेगा न?” मी हो म्हणायची. खात्री मला तरी कुठे होती?

बुजवायच्या खड्ड्यांपैकी एक, तो गोल खांबाचा, त्यांनी चौहानजींकडून मागून घेतला होता. तो हॉस्टेलच्या अंगणात येत होता, कोणाच्या आड नव्हता. त्यात त्यांनी स्वतःच्या हाताने कडुनिंबाचं रोप लावलं. मला म्हणाले, “आपका पहला खंभा है, ख़ाली क्यों रहे.”

रिज़वी साहेब आता नाहीत. मागच्या वर्षी मी ओळखीच्यांच्या मुलीला सोडायला त्या हॉस्टेलवर गेले होते. कडुनिंब चांगला डेरेदार झालाय. खाली मुली पुस्तकं घेऊन बसतात. वॉर्डन बाई मला अंगण दाखवत होत्या. म्हणाल्या, “बाक़ी सब पेड़ लाइन से लगे हैं, बस यही एक टेढ़ा है. पता नहीं किसने लगाया, किसी लाइन में नहीं आता.”

मी मान डोलावली. मग राहवलं नाही म्हणून म्हटलं, “लाइन में है, मैडम. इसकी लाइन सरोजिनी नगर में है.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी काही समजावलं नाही. गोंधळ व्हायची पाळी आता त्यांची होती.